ठकूची हाक आणि एका श्वासाचा वर

ठकूची छाती गच्च भरली होती. बोलायला गेली की घरघर, हसायला गेली की खोंऽ खोंऽ! सात वर्षांची इवलीशी पोर. बाबा मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात गेलेले, घरात ती आणि आई, आणि दोघींत मिळून एकच घोंगडी. धनगरवाड्यावरची माणसं प्रेमळ हो, पण एका बाबतीत भारी हट्टी. कुणाची छाती भरली, की त्याला घोंगडीत गुंडाळायचं आणि चुलीपाशी धुरात बसवायचं. "धुरानं कफ पळतो," म्हणायची सगळी. कफ कसला पळतोय! चार दिवसांत ठकूचा आवाज तेवढा पळाला.

पाचव्या दिवशी ऊन कललं, आई पाण्याला गेलेली, आणि शेजारची सगुणाआजी रडवेली होऊन दारात आली. "ठके, माझी टिपकी परतली नाही गं!"

टिपकी म्हणजे आजीचं एकुलतं एक कोकरू. आजीला ना लेक, ना सून. डोळे भरले की म्हणायची, "धूर गेला गं डोळ्यांत!" टिपकीला कुशीत घेतल्याशिवाय तिला झोप लागत नसे. रानात बिबट्या आलेला, आणि ते लाडावलेलं कोकरू ऐकायचं ते फक्त ठकूची हाक. ठकू तशीच उठून रानाकडे निघाली.

रान काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! जांभळी फुलं, गुलाबी फुलं, त्यांवर चिमुकली पिवळी फुलपाखरं, आणि सगळ्यांवर सोनेरी ऊन सांडलेलं. पण ठकूला त्यातलं काही दिसेना. तिनं तोंडाला हात लावून हाक घातली, "हुर्रर्र..." खोंऽ खोंऽ खोंऽ! ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"रडू नकोस गं, नाक आणखी चोंदेल," कुणीतरी म्हणालं. एका जांभळ्या फुलावर अंगठ्याएवढी परी बसली होती! तिचे पंख मोरपंखी, झगा चंदेरी, आणि केसांत दवाचे नाजूकसे मणी.

"तू... परी?"

"मग काय मधमाशी?" परी खुदकन हसली. "एक वर देते तुला. पण नियम आहेत हं. एका श्वासात मागायचं, मध्ये खोकलीस की वर गेला. आणि सूर्य डोंगराआड जायच्या आत!"

"टिपकीला सुख..." खोंऽ खोंऽ!

"हे मी ऐकलंच नाही," परी कान झाकून म्हणाली. "आधी छातीचं बघू. आत झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या असतात, मोठ्या, छोट्या, इवल्या इवल्या. त्यांत थोडा चिकट कफ असतोच, धूळ अडवायला. सर्दीत तो वाढतो, धुरानं आणखी वाढतो, आणि हवेची वाट अडते. कळलं?"

"म्हणजे धूर वाईट?"

"वाईट म्हणजे अगदी वाईट! आता ताठ बस. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकव. डावा अंगठा उभा ठेव. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, यांची त्याला बांगडी घाल. शाब्बास! ही लिंगमुद्रा, उबेची मुद्रा. नाकानं हळू श्वास घे, त्याहून हळू सोड. घाम आला की थांबायचं. आणि ताप चढला किंवा धाप लागली, तर मुद्रा नाही नि परी नाही, थेट दवाखाना!"

परीनं द्रोणात कोमट पाणी दिलं. ठकू घोट घेई, मुद्रा धरी, श्वास सोडी. तळहात उबले, खांदे सैल झाले. मग एक दणदणीत खोकला आला, कफ सुटून बाहेर पडला, आणि हवा छातीत सरसर शिरली. सूर्य डोंगराला टेकला होता.

"माग लवकर!" परी ओरडली.

इतक्यात घळीतून बारीकसं "बेंऽ" ऐकू आलं. ठकूनं छाती भरून श्वास घेतला, आणि वर मागायचा सोडून हाकच घातली! "हुर्रर्रऽऽ टिपकेऽऽ!" झुडपं हलली. काटे अंगावर मिरवत टिपकी धावत आली आणि ठकूच्या पोटात शिरली.

"अगं, वर राहिला की!" परी थक्क झाली. "सूर्याची कड अजून दिसतेय, स्वतःसाठी माग. नवी घोंगडी? चांदीचे वाळे?"

नव्या घोंगडीच्या नुसत्या नावानं ठकूच्या अंगावर गोड शिरशिरी आली. पण मग तिला वाड्यावरची खोकणारी माणसं आठवली. एका श्वासात ती म्हणाली, "आमच्या वाड्यावरच्या प्रत्येक चुलीला धुराडं होऊ दे, सगळा धूर बाहेर जाऊ दे!"

"दिलं!" परीनं ठकूच्या नाकावर इवलासा पापा दिला. तिचे पंख पेटल्यासारखे झगमगले, रानभर गुलाबी उजेड पसरला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

ठकू टिपकीला घेऊन उतरली, तर प्रत्येक छपरावरून धुराची सरळ रेघ आभाळात चाललेली! आई दारात उभी होती, तिनं धावत येऊन लेकीला छातीशी धरलं. सगुणाआजीच्या घरात कधी नव्हे ती स्वच्छ हवा होती. आजीनं टिपकीला मांडीवर घेतलं, ठकूला जवळ ओढलं आणि पदरानं डोळे पुसले.

"आजी, आता तर धूर नाही," ठकू म्हणाली.

"नाही गं बाळे," आजी म्हणाली, "धूर नाही."