म्होरकीची सोंड

सागाचं रान दाट होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या हत्तींच्या कळपाची म्होरकी चंद्री रोज सकाळी प्रत्येकीच्या गळ्यात सोंड टाकून भेटायची.

एकदा परक्या रानातून आलेली तरुण रेवा मागे सरली. "आजी, आमच्याकडे लांबूनच कान हलवतात."

"म्होरकीचा अपमान!" बाकीच्या चिडल्या.

"राहू द्या," चंद्री म्हणाली.

दुसऱ्या सकाळी चंद्रीची सोंड सवयीने उचलली गेली. तिने ती आवरली आणि सगळ्यांना लांबूनच कान हलवले. जुन्या भेटी आठवून तिला भरून आलं. ज्यांना गळाभेट हवी होती त्या आपणहून जवळ आल्या. बालमैत्रीण भागू मात्र जागची हलली नाही.

"तूसुद्धा, भागू?"

"मला ते कधीच आवडलं नाही गं," भागू हळूच म्हणाली. "पण म्होरकीला नको कसं म्हणायचं?"