ओढ्याकाठचा उंबर

माणसांनी अजून कुऱ्हाडी घडवल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या उंबरावर एक सुतारपक्षी आला. जवळ काही नव्हतं, फक्त चोच होती. आधी खोडावर टकटक करायची, कान लावून आवाज ऐकायचा आणि मगच कोरायचं, ही त्याची रीत. पहिली ढोली त्यानं पोपटाला दिली, दुसरी साळुंकीला. बदल्यात रोज पिकली उंबरं घ्यायचा. बघता बघता खोडभर ढोल्याच ढोल्या झाल्या.

"स्वतःच्या चोचीच्या बळावर मोठा झालाय हो," पाखरं कौतुकानं म्हणायची. त्यांनी एकमुखानं त्याला झाडाचा पुढारी निवडलं. कालचा सुतारदादा आज साहेब झाला.

सत्काराच्या संध्याकाळी वारा सुटला आणि उंबर करकरला. साळुंकी घाबरली. "साहेब, झाड कसला आवाज करतंय? जरा वाजवून बघा ना."

साहेबांनी खोडावर हलकेच टकटक केली. "काही काळजी करू नका. मी आहे ना!"

पाखरांनी जयजयकार केला. अंधारू लागलं तसे साहेब उडायला निघाले.

"आता कुठं निघालात?" साळुंकीनं विचारलं.

"घरी. ओढ्यापलीकडच्या खैरावर."

"म्हणजे? तुम्ही इथं राहत नाही?"

"छे! खैर आतून भरीव आहे. मी स्वतः वाजवून पाहिलाय," म्हणत ते उडालेसुद्धा.

पोपटानं आपल्या ढोलीच्या भिंतीवर चोच आपटली. आवाज पार बुंध्यापर्यंत पोकळ घुमत गेला.