रुसलेल्या तीन वाटा

एकदा काय झालं, घुंगरी नदीच्या वळणात भोवरी नावाचं एक गाव होतं. नदीच्या तळाशी गुळगुळीत गोटे होते, त्यांच्यावरून पाणी घुंगरांसारखं वाजत जाई, म्हणून तिचं नाव घुंगरी. आणि त्या गावाला तीन वाटा होत्या. थोरली वाट नदीकाठानं, करंजांच्या सावलीतून जायची. तिला घाई म्हणून कधी ठाऊक नव्हती. मधली शेतांच्या बांधांवरून जायची, प्रत्येकाच्या पिकाची चौकशी करत. आणि धाकटी डोंगर चढून खिंडीतून पल्याडच्या गावांना जायची. ती जरा तापट होती. मध्येच वळायची, मध्येच पायात दगड घालायची. तिघी वेशीपाशी भेटत, म्हणून गावातली माणसं त्यांना जावा-जावा म्हणत.

त्या गावात सोनक्का राहायची. मोठी नेमकी बाई, बरं का. भाजीतलं मीठ तिनं कधी चाखून पाहिलं नाही, आणि ते कधी कमी पडलं नाही, कधी जास्त झालं नाही. पिंपळावर मुंजा दिसला असं कुणी सांगितलं, तर ती विचारायची, "कुठल्या फांदीवर?" मग सांगणारा दुसराच विषय काढायचा. तिचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक शेवंता, तिला डोंगरापल्याड दिली होती. शेवंताचे दिवस भरत आले होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी यायची होती.

आता भोवरीची एक रीत होती. मळणी झाली की खळ्यावर गावजेवण व्हायचं. त्या दिवशी जो जो राबला, त्याला मान द्यायचा. हळदकुंकू लावायचं आणि पुरणपोळीचा घास ठेवायचा. माणसांना तर द्यायचाच. पण बैलांना, विहिरीला, सुपाला, खळ्याच्या मधल्या खांबालासुद्धा. कुणाकुणाला मान द्यायचा, हे सोनक्का ठरवायची, कारण ती कुणाला विसरत नसे. त्या वर्षी तर तिनं केरसुणीलाही कुंकू लावलं.

सगळं झालं, तेव्हा म्हातारे भिवबा पाटील म्हणाले, "सोनक्का, वाटा राहिल्या गं. माझी आई होती तोवर वेशीत एक घास ठेवायची."

सोनक्का म्हणाली, "पाटीलमामा, बैल ओढतो, विहीर पाणी देते, केरसुणी झाडते. वाट काय करते? पडून असते. पडून राहण्याचाच मान द्यायचा, तर पहिला आमच्या दगडूभाऊजींना द्यावा लागेल."

सगळं खळं हसलं. दगडूभाऊजी कडब्यावर आडवे झाले होते, ते पडल्या पडल्या हसले. हसल्या नाहीत फक्त वाटा. वेशीपाशी तिघी होत्या, आणि तिघींनी ऐकलं होतं.

मग काय झालं? दुसऱ्या दिवशी गाव उठलं, तर वाटा नाहीत.

वेशीपासून पुढे नुसतं गवत. ताठ, दवानं भरलेलं, त्यावर जणू कधी कुणाचं पाऊल पडलंच नव्हतं. बायका घागरी घेऊन नदीकडे निघाल्या, चालल्या चालल्या आणि आपल्याच परसात येऊन उभ्या राहिल्या. गुराखी गुरं घेऊन निघाला, तो गोठ्यातच परत आला. भिवबा पाटील शेताकडे म्हणून गेले आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. पाटलीणबाई म्हणाल्या, "आज लवकर आलात. भाकरी अजून तव्यावर आहे."

सोनक्काचा विश्वास बसेना. तिनं विहिरीचा लांब दोर आणला. एक टोक दाराच्या चौकटीला बांधलं, दुसरं कमरेला, आणि घुंगरीच्या आवाजाच्या रोखानं ती सरळ निघाली. दोर ताणला गेला, तिनं मान वर केली. समोर तिचंच मागचं दार होतं. मागे वळून पाहिलं तर दोर सुतासारखा सरळ, कुठे वळलेला नाही. सोनक्का त्या दोराकडे पाहतच राहिली. जे डोळ्यांनी दिसतं ते नाकारणाऱ्यांपैकी ती नव्हती. तिनं दोर सोडून गुंडाळून ठेवला.

आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं. शेवंता आज सकाळीच सासरहून निघणार होती. एव्हाना ती डोंगरात असेल. दिवस भरलेली पोर, आणि पायाखाली वाट नाही.

आपलं कालचं खळ्यावरचं बोलणं तिला आठवलं. मग तिनं काय केलं? लग्नात विहीण रुसली की आपण काय करतो? अक्षता घेऊन बोलवायला जातो. सोनक्कानं तबक घेतलं, त्यात हळदकुंकू, पुरणपोळी आणि ओंजळभर अक्षता ठेवल्या. वहाणा दारात काढल्या. वेशीपाशी येऊन तिनं गवतावर चार दाणे टाकले आणि हळूच म्हणाली, "बोलवायला आले आहे. येऊ का?"

गवत बाजूला झालं. बेतानं, एका पावलापुरतं. तिनं पाऊल टाकलं. पुन्हा दाणे टाकले, पुन्हा विचारलं. पुन्हा एका पावलापुरतं. अशी ती विचारत विचारत गेली, बरं का. जिथे विचारायला विसरली, तिथे गवत हललं नाही. अक्षता संपत आल्या, ऊन डोक्यावर आलं, आणि करंजांच्या पलीकडे नदीचं वाळवंट उघडलं.

तिथे वाटा पडल्या होत्या.

केवढ्या लांब! थोरलीचं टोक पाण्यात होतं आणि अंग वळशावर वळसे घेत पार दरडीपर्यंत गेलं होतं. श्वास घेतल्यासारखी तिची माती वर-खाली होत होती. आणि त्या मातीवर पावलं होती, जितकी माणसं आजवर चालून गेली त्या सगळ्यांची पावलं, एकावर एक, तरी एकही पुसलेलं नाही. बैलांचे खूर होते. पाखरांच्या नख्या होत्या. गाव वसलं त्या दिवशीची पहिली पावलंही होती, ओली. सोनक्का गुडघ्यांवर बसली. तिला आपली स्वतःची पावलं दिसली, नवी नवरी असतानाची, बिचकत टाकलेली. शेजारी शेवंताची, एवढीशी, धावणारी. आणि त्यांच्या पलीकडे एक पाऊल जरा बाहेर वळलेलं.

तिचा नवरा तसा चालत असे. डावा पाय जरा बाहेर टाकून. सोनक्का कुणाला विसरत नसे, पण हे ती विसरली होती. वाट विसरली नव्हती.

तिनं त्या पावलावर हात ठेवला. माती ऊबदार होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पडून असते म्हणाले मी. तू सगळ्यांना धरून पडली आहेस."

थोरलीनं अंग हलवलं. सोनक्कानं तिला कुंकू लावलं. ती उठली, आणि करंजांच्या सावलीत जाऊन आपल्या जागी पसरली. मग मधली दिसली, ती थोरलीच्या आडोशाला होती. तिला पोळीचा घास दिला. ती कुरकुरत, "पिकं कशी आहेत कोण जाणे" म्हणत बांधाकडे गेली. मग सोनक्का धाकटीला शोधू लागली.

धाकटी नव्हती. वाळवंटावर नाही, दरडीत नाही, पाण्यात नाही. सोनक्कानं हाक मारली. डोंगरानं ती हाक तशीच परत दिली. तबकात अक्षतांचे शेवटचे दाणे उरले होते आणि ते टाकायचे कुणापुढे, तेच कळेना. हीच तर शेवंताची वाट, आणि हीच सर्वांत तापट. सोनक्का डोंगराकडे पाहत उभी राहिली.

आणि तिनं काय पाहिलं? खिंडीतून काहीतरी उतरत होतं. पिवळ्या गवतातून मातीची एक नवी रेघ खाली येत होती. पुढे उलगडत होती, मागे गुंडाळली जात होती. दगड आले की ते आधीच बाजूला सारत होती. तीव्र उतार आला की मऊ वळण घेत होती. त्या रेघेच्या मधोमध, एका हातानं पोट सावरत, सावकाश, शेवंता चालत होती. तिच्यामागून तिचा दीर डोक्यावर गाठोडं घेऊन येत होता, आणि पायांकडे पाहत घाबरत घाबरत पाऊल टाकत होता.

धाकटी रुसली होती ती सोनक्कावर. पोटुशी पोर खिंडीत अडकलेली पाहिल्यावर तिला राहवलं नाही. राग तसाच ठेवून ती आणायला गेली होती.

शेवंता खाली आली आणि म्हणाली, "आई, वाट किती गुणाची झाली आहे गं. एक ठेच लागली नाही."

सोनक्कानं उरलेले दाणे वाटेवर वाहिले आणि आधी वाटेला हात जोडले, मग लेकीला जवळ घेतलं.

पुढे शेवंताला मुलगी झाली. ती गोरीगोमटी होती, आणि वाटेसारखीच तापट. गुरं रानात गेली, घागरी नदीवर गेल्या, पाटील एकदाचे शेतावर पोचले. सगळे सुखात राहिले. वाटा आल्या घरी, गोष्ट पोचली दारी. आता तुम्हीही पाय पांघरुणात घ्या आणि डोळे मिटा.