सुलक्षणाचं तेरावं

एका गावात एक भोळा गवंडी होता. नाव गेणू. हाताला कसबी, डोक्याने साधा. सांगितलं तेवढं करायचा, आणि जिथे सांगितलं नाही तिथेही तेच करायचा.

त्याला एक मुलगी होती, सुलक्षणा. दहावीत होती. वहीत एक अक्षर तिरकं आलं की ती पान फाडायची आणि सगळं पुन्हा लिहायची. पान साफ झाल्याशिवाय जेवायची नाही. भाकरी गार व्हायची आणि सकाळी कुत्र्याला जायची. ती रडायची नाही, चिडायची नाही, हसली तरी दात दिसायचे नाहीत. गाव म्हणायचं, पोर असावी तर अशी. गावाला आवाज नसलेली पोर फार आवडते.

एक दिवस पोर शाळेत चक्कर येऊन पडली. वजन भरलं पस्तीस किलो. डॉक्टरांनी तालुक्याच्या दवाखान्यात मनाचे आजार बघणाऱ्या देशमाने बाईंकडे पाठवलं. बाई पोरीशी तासभर बोलल्या. मग गेणूला आत घेतलं आणि सांगितलं की अशीच उपाशी राहिली तर महिन्याभरात हिला भरती करावं लागेल.

"काय करू ते सांगा," गेणू म्हणाला.

"चूक दिसली तर दिसू द्या. लगेच दुरुस्त करायला जाऊ नका."

"बरं," गेणू म्हणाला.

पोरीलाही काम दिलं. रोज मुद्दाम एक चूक करायची आणि वहीत टिपायची.

दुसऱ्या दिवशी गेणू जाधव मास्तरांच्या संडासाची भिंत बांधत होता. ओळंबा सोडला तर भिंत दोन बोटं बाहेर. गेणूने बघितलं. ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला आणि पुढचा थर लावला. तिसऱ्या दिवशी भिंत बाहेरच्या बाजूला पडली. मास्तर आत बसलेले होते. समोर पाणी भरायला आलेल्या बायका होत्या.

पुढच्या भेटीत हे ऐकून बाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, ते पोरीसाठी होतं, भिंतीसाठी नव्हतं. "आता हे ऐका. कुणी रडलं तर गप्प करू नका. शेजारी बसा. वाटलं तर तुम्हीही रडा."

"बरं," गेणू म्हणाला.

पोर काही रडली नाही. पण रविवारी सुताराच्या घरी बारसं होतं. पाळण्यात घातल्याबरोबर बाळाने भोकाड पसरलं. बायका त्याला गप्प करू लागल्या. गेणूने त्यांना बाजूला सारलं, पाळण्याशेजारी मांडी घातली आणि गळा काढला. असा काढला, की पलीकडच्या आळीतली माणसं तिरडीचे बांबू घेऊन आली. सुताराच्या आईने बांबू बघितले आणि ती आडवी झाली.

बाईंनी पुन्हा कपाळावर हात मारला. आनंदाच्या घरी रडतात का, म्हणाल्या. "तिथे शाबास म्हणावं. पोरीलाही म्हणत जा. पण निकालाला नाही. खटपट केली, त्या खटपटीला शाबास म्हणायचं. निकाल बघायचाच नाही."

"बरं," गेणू म्हणाला.

त्याच भेटीत पोरीने चुकांची वही दाखवली. लाल शाईचा समास, तारखा, रोज बरोबर एक चूक, रविवारचीही. पूर्ण वहीत एक काट नव्हती. चुकांचं पान साफ यावं म्हणून तिने ते चार वेळा लिहिलं होतं आणि दोन दिवस जेवली नव्हती. बाईंनी वही मिटून बाजूला ठेवली.

त्या आठवड्यात किसन तात्या गेले. आठ महिने अंथरुणावर होते. घरात माणसं जमली होती. गेणू पुढे झाला आणि तात्यांच्या खांद्यावर थाप मारली.

"शाबास तात्या. आठ महिने खटपट केलीत. निकाल काय लागला ते आपण बघायचं नाही."

तात्यांच्या तिन्ही पोरांनी मिळून त्याला बाहेर काढलं.

या वेळी बाईंनी हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "माणसं मान खाली घालून गप्प उभी असली, की टोपी काढायची. फोटोला हार घालायचा. गेलेल्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे. बाकी काही करायचं नाही."

"बरं," गेणू म्हणाला.

पुढच्या सोमवारी शाळेत समारंभ होता. सुलक्षणाला आदर्श विद्यार्थिनी ठरवलं होतं. व्यासपीठावर खुर्चीत तिचा मोठा फोटो ठेवला होता. तबकात पाहुण्यांसाठी हार होता. पोर भाषणाला उभी राहिली. भाषण तिने तीस वेळा लिहून काढलं होतं आणि कालपासून पोटात काही नव्हतं. तिसऱ्या वाक्याला ती अडली. पुढचं आठवेना. तिने मान खाली घातली. मुख्याध्यापक ओशाळून उभे राहिले, त्यांनीही मान खाली घातली. त्यांचं बघून सगळे शिक्षक उठले. मैदान गप्प झालं.

गेणूने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळ्यांच्या माना खाली. समोर फोटो.

त्याने टोपी काढली. व्यासपीठावर चढला. तबकातला हार उचलून पोरीच्या फोटोला घातला. सरस्वतीपुढची उदबत्ती उपसून फोटोपुढे खोचली आणि हात जोडले.

"पोर चांगली होती," तो म्हणाला. "कधी चुकली नाही, कधी रडली नाही, कुणाला एक शब्द बोलली नाही. देवाची मर्जी."

सुलक्षणाने फोटो बघितला. हार बघितला. बापाच्या हातातली टोपी बघितली.

"आबा," ती म्हणाली, "अहो, मी जिवंत आहे."

आणि हसली. दात दिसले, हिरड्या दिसल्या. हसता हसता रडू लागली, नाक वाहिलं, ते तिने भाषणाच्या कागदाला पुसलं. मग बापाला चारचौघांत म्हणाली, तुमच्यासारखा मूर्ख जगात नाही, आणि मला भूक लागली आहे. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांची माफी मागितली. घरी येऊन पोरीने तीन भाकरी खाल्ल्या.

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला नाही. पोरीचं वजन केलं, दोनदा काटा बघितला. म्हणाल्या, "गेणूभाऊ, जे चाललंय ते तसंच पुढे चालू द्या. मध्ये थांबवू नका."

"बरं," गेणू म्हणाला.

त्याने थांबवलं नाही. फोटो घरी आणून भिंतीला लावला. हार तसाच ठेवला. दहाव्याला डोकं भादरलं. तेराव्याला गाव जेवायला बोलावलं.

पोर पहिल्या पंगतीत बसली होती. परकरावर वरण सांडलं होतं, ते तिने पुसलं नव्हतं. दोन लाडू संपवून तिने तिसऱ्यासाठी हाक मारली. समोरच्या बायका फोटोकडे बघून हळहळल्या. म्हणाल्या, गेली ती गुणाची होती. ही खादाड निघाली.

"देवाची मर्जी," गेणू म्हणाला, आणि तिसरा लाडू वाढला.