दीड बोट वाकडा तंबोरा

“भोपळा डावीकडे दीड बोट फुगलाय,” मोजणीदार भास्करपंतांनी गज खाली ठेवला. “सरकार, हा तंबोरा वाकडा आहे.”

रणधवलराजांना तेवढंच पुरे होतं. त्यांच्या राज्यात विहिरीपासून पुरणपोळीपर्यंत सगळं मापात असे. गेल्याच महिन्यात पंतांनी आखून दिलेला एक तंबोरा त्यांनी वाड्यावरच्या सुताराकडून करवून घेतला होता. त्यात केसाचाही फरक नव्हता.

तंबोरे करणाऱ्या दस्तगीरमियांनी मात्र आपला भोपळा तीन वर्षं वाळवला होता. मागे उभी असलेली त्यांची मुलगी जैबून खालमानेनं म्हणाली, “सरकार, पण वाजतो गोड.”

“गोड कुणाला? कान माणसागणिक वेगळे. गज कुणाची भीड धरत नाही,” राजे म्हणाले. “तुमचा तंबोरा सरस असेल, तर उद्या सकाळी गजानंच मोजून दाखव. नाही जमलं, तर याचं लाकूड बंबात घालू.”

घरी आल्यावर दस्तगीरमियांनी तंबोरा मांडीवर घेतला. “वाजवून घेतो गं. उद्यापासून याच्यावर अंघोळीचं पाणी तापणार.”

त्यांनी तारा छेडल्या. जैबून तंबोऱ्याकडे बघतच नव्हती. ती सुराबरोबर डुलणाऱ्या अब्बांच्या दाढीकडे बघत होती.

“अब्बा,” ती म्हणाली, “उद्या हा आणि वाड्यावरचा, दोन्ही तंबोरे तुम्हीच वाजवायचे.”

सकाळी दरबारात पडदा लागला. दस्तगीरमिया दोन्ही तंबोरे घेऊन पडद्याआड बसले. कुठला आधी वाजवायचा, ते खुणेनं सांगायला राणीसाहेब त्यांच्या समोर बसल्या.

“पंत, गज आणलात ना?” जैबूननं विचारलं.

“गजाशिवाय मी जेवायला बसत नाही, मुली. मोजायचं काय?”

“सरकारांच्या पगडीचा तुरा. किती हलतो, तेवढं सांगायचं.”

दरबार खुसखुसला. राजांनी भुवया चढवल्या. “तुरा? आम्ही काही हलत नाही. लावा गज, पंत!” आणि ते खांबासारखे ताठ बसले. पंत चौरंगावर चढले आणि त्यांनी गज तुऱ्याला भिडवला.

पहिला तंबोरा वाजू लागला. राजांनी नाक खाजवलं. आज जेवायला काय आहे, तेही विचारलं. तुऱ्यावर एक माशी येऊन बसली आणि निवांत पाय पुसू लागली.

“शून्य,” पंत म्हणाले.

दुसरा सुरू झाला. थोडा वेळ राजे ताठच होते. मग त्यांचे डोळे मिटले. माशी उडाली.

“एक बोट,” पंत पुटपुटले. “दोन. अडीच. सरकार, जरा हळू, गज पोचत नाही.”

राणीसाहेबांनी क्रम तीनदा बदलला. तिन्ही वेळा एका तंबोऱ्याला शून्य आणि दुसऱ्याला अडीचच्या वर! शेवटी पडदा वर गेला, तेव्हा दस्तगीरमियांच्या मांडीवर दीड बोट वाकडा भोपळा होता आणि तुरा अजून झुलत होता.

पंत चौरंगावरून उतरले. “पण सरकार, हे माप तुऱ्याचं झालं. तंबोऱ्याचं कुठं झालं?”

“पंत, तंबोरा गजाला ऐकवायचा असता, तर कालचं माप बरोबर होतं,” जैबून म्हणाली. “तो माणसाला ऐकवायचा आहे, म्हणून माणसाला गज लावला. गजानं मोज, एवढाच सरकारांचा हुकूम होता. गज कुठं लावायचा, ते सांगितलं नव्हतं.”

राजे असे हसले, की पगडी सावरायला दोन हुजरे धावले. “पंत, आता मोजा बघू!”

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “दस्तगीरमिया, भोपळे लावायला नदीकाठची जमीन तुम्हाला दिली. किती ते तुमचा तंबोराच ठरवेल. तुम्ही काठावर बसून वाजवा. पंत ऐकत ऐकत चालतील. सूर ऐकू येईनासा होईल, तिथं खुंटी ठोकायची.”

त्या संध्याकाळी वारा पडला होता. पंत खुंटी आणि हातोडा घेऊन निघाले. शंभर पावलांवर ते थांबले, कानामागे हात धरला आणि पुढे निघाले. बाभळीपाशी थांबले, पुन्हा निघाले.

“अहो पंत, ठोका की आता!” राजांनी काठावरून हाक मारली.

“कशी ठोकू, सरकार?” पंतांचा आवाज लांबून आला. “अजून ऐकू येतोय!”