नेमूचा पाइप आणि बासष्ट माणसं

मोजणाऱ्याला कोण मोजतं?

हे त्याने भर ग्रामसभेत विचारलं होतं. लोक हसले. मग चहा आला. प्रश्न तसाच राहिला.

तर एका गावात एक भोळा रेडिओवाला होता. गाव नदीकाठचं, आमचंच. रेडिओवाला माझा थोरला भाऊ, नेमगोंडा. गाव त्याला नेमू म्हणायचं. मी दादा म्हणायचो.

फौजेतून परत आलेल्या मामाने त्याला हॅम रेडिओ शिकवला. म्हणजे घरात एक यंत्र, छपरावर एक अँटेना, आणि फोन नसताना लांबच्या गावातल्या माणसाशी बोलायचं. त्याला सरकारची परीक्षा असते. मामा म्हणाला, पुस्तक पाठ कर. दादाने पाठ केलं. मागच्या पानावरची किंमतसुद्धा पाठ केली. पास झाला.

मामाने सांगितलं, अँटेना जितकी उंच तितकं लांब ऐकू जातं. दादाने चाळीस फुटी पाइप उभा केला.

सरपंच आण्णांना तो पाइप त्यांच्या पलंगावरून दिसायचा. म्हणून ते म्हणाले की पाइप देवळाच्या कळसाहून उंच आहे आणि देवाला ते आवडत नाही. ग्रामसभा बोलावली. ठराव असा की गावात कळसाहून उंच काही असू नये. बाजूने हात वर झाले. मग विरोधातले हात मोजायचे होते. ग्रामसेवकाच्या हातात चहाचा कप होता, म्हणून मोजायचं काम दादाला दिलं.

दादाने स्वतःचा हात वर केला आणि मोजला. ‘‘एक.’’

‘‘नेमू, मोजणाऱ्यानं स्वतःला मोजायचं नसतं,’’ आण्णा म्हणाले.

‘‘मग त्याला कोण मोजतं?’’

ते वर सांगितलंच. ठरावाखाली लिहिलं गेलं, विरोध शून्य.

दादाने घरी येऊन पाइप उतरवला. ठराव म्हणजे ठराव. मग तो गावभर फिरून कळसाहून उंच काय काय आहे ते बघत बसला. एकच गोष्ट सापडली. आण्णांच्या अंगणातला नारळ. दादा कोयता घेऊन वर चढला आणि शेंडा उडवून खाली आला. आण्णांना म्हणाला, आता बरोबर झालं. नारळाचा शेंडा गेला की झाड गेलं, हे पुस्तकात नव्हतं.

आण्णांनी त्याला थोबाडीत मारली. म्हणाले, दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

दादाने ते लक्षात ठेवलं. पुढच्याच महिन्यात आण्णांच्या कडब्याच्या गंजीतून धूर निघाला. दादा शेजारीच होता, हातात पाण्याची घागर होती. त्याने घागर खाली ठेवली आणि आण्णांना शोधायला निघाला. घरी नव्हते. सोसायटीत नव्हते. शेवटी न्हाव्याकडे सापडले, तोंडाला फेस लावलेले.

‘‘आण्णा, तुमच्या गंजीला हात लावू काय?’’

‘‘कशाला रं?’’

‘‘पेटलीय.’’

‘‘कवा?’’

‘‘सकाळी.’’

या वेळी दोन थोबाडीत बसल्या.

मोजण्याचा धडाही त्याने असाच घोटला. देवळात पंगत होती, पानं मांडायला दादा. माणसं मोजून पानं मांडली, सगळे जेवले, दादा उपाशी घरी आला. रेशन कार्डाचा माणूस दारात आला, घरात किती जण म्हणून विचारलं. दादाने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोन, म्हणाला. वर्षभर आम्ही तिघांनी दोघांचा तांदूळ खाल्ला. मी त्याला किती शिव्या दिल्या ते मला आठवतंय. आता आठवतंय म्हणून काय उपयोग.

मग वरून कायदा आला. हौशी रेडिओवाल्याच्या अँटेनाला गावाने किंवा नगरपालिकेने सरसकट बंदी घालायची नाही. नियम लावा, पण बोलणं पोचेल एवढी उंची द्या. पुरात, वादळात हीच माणसं कामाला येतात, असंही त्यात लिहिलं होतं. मामाने तो कागद पाठवला. दादा कागद डोक्यावर धरून पंचायतीत गेला, पाऊस होता म्हणून नव्हे, मामा म्हणाला होता की कायदा सगळ्यांच्या वर असतो.

आण्णांनी कागद वाचला. ग्रामसेवकाने दोनदा वाचला. मग समिती बसली. समितीने बंदी उठवली, आणि परवानगी दिली ती अशी: पाइप सहा फुटांचा असावा. जास्त उंची लागेल तेव्हा अर्जदाराने पंचायतीच्या स्लॅबवर चढून पाइप हातात धरून उभे राहावे.

कायदा पाळला गेला. कळसही वरच राहिला. समितीने भजी मागवली.

मी म्हणालो, दादा, हे तुझी चेष्टा करतायत, आपण तालुक्याला तक्रार करू. तो म्हणाला, परवानगी मिळालीय की. त्याने करवतीने पाइप कापला. दर रविवारी तो स्लॅबवर उभा राहायचा, एका हातात पाइप, एका हातात माइक. पोरं खालून विचारायची, नेमूदादा, इंद्र काय म्हणतोय? तो खरंच सांगायचा, इंद्र लागला नाही, मिरजेचा एक डॉक्टर लागला.

ऑगस्टात नदी गावात आली. दुपारी दोनपर्यंत वीज गेली, फोन गेले, रस्ता गेला. जे वेळेत बाहेर पडले नाहीत ते पंचायतीच्या स्लॅबवर जमले. आण्णाही होते. त्यांनी दादाला हाक मारली, जन्मात पहिल्यांदा नीट मारली. ट्रॅक्टरची बॅटरी वर आणली. दादा जिन्याच्या खोलीच्या टपावर चढला आणि पाइप डोक्यावर उचलून उभा राहिला.

पलीकडे जिल्ह्याच्या गावचा एक रेडिओवाला लागला. त्याने विचारलं, किती माणसं?

‘‘नीट मोज, नेमू,’’ आण्णा म्हणाले. ‘‘चुकशील तर होड्या कमी पडतील.’’

दादाने दोनदा मोजली. बासष्ट.

तीन तासांत होडीच्या फेऱ्या झाल्या. मी आणि आई तिसऱ्या फेरीत गेलो. आई सारखी मागे बघत होती. मी म्हणालो, येतोय तो मागनं. शेवटच्या फेरीत आण्णा चढले. होडी गच्च भरली होती. ते दादाला म्हणाले, पुढची येतीय बघ, तीत ये.

पंचायतीची इमारत संध्याकाळी सहाच्या सुमाराला खचून खाली बसली.

आता तिथे गावाने दादाच्या नावाचा पन्नास फुटी खांब उभारलाय. कळसाहून उंच. आण्णांनी स्वतः ठराव मांडला. विरोध शून्य.

पलीकडचा तो रेडिओवाला मला भेटायला आला होता. रेडिओवाले प्रत्येक बोलणं वहीत लिहून ठेवतात. त्याने वही उघडून दाखवली. पाच वाजून दहा मिनिटं. त्याने दादाला विचारलं होतं, बासष्ट पोचले, होडी रिकामी उभी आहे, परत पाठवू का, अजून कोण राहिलंय?

दादाने ‘थांबा, मोजतो’ म्हटलं म्हणे.

मग म्हणाला, ‘‘कोण न्हाई. होडी पुढच्या गावाला द्या.’’