पाणी प्यायला थांबलेली जीप

नदीकाठच्या एका गावात म्हाळू नावाचा गवळी राहत होता. स्वभावाने महासंशयी. आज सोमवार आहे असं कुणी म्हटलं, तरी तो आणखी दोघांना विचारून खात्री करून घेई. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, याचा त्याला भारी अभिमान.

लोकसभेची निवडणूक आली. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला त्या भागातली गायरानं कारखान्यासाठी हवी होती. गायरान गेलं तर म्हशी चरणार कुठे? म्हणून गवळ्यांची सगळी गावं एक झाली आणि त्यांनी गुरांच्या डॉक्टरांना उभं केलं. गावोगावी एकेक जाणता माणूस डॉक्टरांच्या प्रचाराचं काम पाहू लागला. म्हाळूच्या गावात ते काम येसबादादांकडे होतं.

एका दुपारी मोठ्या पक्षाची जीप येसबादादांच्या दारात उभी राहिली. दोघे उतरले, आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले. म्हाळूने ड्रायव्हरला गाठलं.

"काय काम काढलंत?"

"काही नाही बाबा, पाणी प्यायला थांबलो." ड्रायव्हर हसला आणि हळूच म्हणाला, "पण हे कुणाला बोलू नका."

झालं. दिवस मावळायच्या आत म्हाळूने गावभर बोभाटा केला, की येसबा फुटला. येसबादादा सांगून थकले, "अरे, पाणी मागितलं, दिलं. दारात आलेल्याला नाही म्हणायचं का?" कुणी ऐकेना.

म्हाळूची बायको सगुणा म्हणाली, "फितवायचंच असतं, तर सगळ्यांदेखत जीप लावली असती का?"

"तुला नाही कळायचं," म्हाळू म्हणाला. सोमवारची खात्री करणाऱ्या या गड्याने या बाबतीत मात्र दुसऱ्या कुणाला एक शब्द विचारला नाही.

मतदानाला गावाची फाटाफूट झाली. काहींनी डॉक्टरांना मत दिलं, काहींनी रागाने तिसऱ्यालाच दिलं. बरेच जण घरी बसून राहिले, त्यांत म्हाळूही होता. साऱ्या मतदारसंघात मोठ्या पक्षाला शंभरातली पस्तीस मतं पडली. बाकीची इकडेतिकडे विखुरली, म्हणून जागा त्यांनीच जिंकली. चार महिन्यांत गायरानाला तारेचं कुंपण पडलं.

चारा मिळेना, तेव्हा म्हाळू दोन म्हशी घेऊन तालुक्याच्या बाजारात गेला. तिथे गावोगावचे गवळी म्हशी विकायलाच आले होते.

"आमचा जाणता माणूसच फुटला," एक जण म्हणाला. "त्याच्या दारात जीप आली होती."

"आमच्याकडेही आली होती," दुसरा म्हणाला. "ड्रायव्हर मला म्हणाला, कुणाला बोलू नका."

म्हाळूला त्या ड्रायव्हरचे तेच शब्द आठवले. त्या दुपारी येसबादादांना फितवायला कुणी आलंच नव्हतं. ते आले होते म्हाळूकडे.

तात्पर्य: संशय घ्यायचाच, तर आधी तो आपल्या कानात घालणाऱ्यावर घ्यावा.